आधी किंमत, मग फायदा

मानेतल्या कॅरोटिड रोहिणीच्या ऑपरेशनने कोणताही आजार बरा होत नाही, हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. लकव्याने गेलेला हात या ऑपरेशनने परत येत नाही, गेलेली वाचा परत मिळत नाही. ज्याच्यावर ते करायचं तो माणूस बहुतेक वेळा स्वतःच्या पायांनी चालत दवाखान्यात आलेला असतो, नीट बोलत असतो, आणि आपल्याला एवढं मोठं काही झालंय हे त्याला अजून पटलेलंही नसतं. सर्जन त्याला सांगतात ते इतकंच, की पुढे येऊ शकणारा मोठा झटका टाळण्यासाठी हे करायचं आहे. जे अजून घडलेलं नाही, आणि कदाचित कधी घडणारही नाही, ते टाळण्यासाठी मान उघडायची. शिवाय मान उघडताना नेमका तोच झटका ऑपरेशनच्या टेबलावर येण्याची थोडी शक्यता पत्करायची.

या व्यवहारात किंमत आधी रोख मोजावी लागते आणि फायदा पुढे वर्षानुवर्षं हप्त्याहप्त्याने हाती येतो. म्हणून ‘ऑपरेशन यशस्वी झालं’ या वाक्यावरून त्याचं मोल कळत नाही. त्यासाठी एक वजाबाकी करावी लागते. ऑपरेशन झालेल्या शंभर जणांपैकी पाच वर्षांत, दहा वर्षांत किती जणांना झटका आला, आणि ऑपरेशन न करता नुसत्या औषधांवर राहिलेल्या तशाच शंभर जणांपैकी किती जणांना आला? पहिलं यशस्वी ऑपरेशन झाल्यापासून ही वजाबाकी नीट मांडली जाईपर्यंत जवळजवळ चाळीस वर्षं गेली. त्या चाळीस वर्षांत लाखो माना उघडल्या गेल्या.

कंठमण्याच्या शेजारी बोट दाबलं की जी नाडी लागते, ती कॅरोटिड रोहिणीची. जबड्याच्या जरा खाली तिला फाटा फुटतो. एक शाखा चेहऱ्याकडे आणि टाळूच्या कातडीकडे जाते. दुसरी, आतली शाखा मानेत कुठेही फांदी न देता थेट कवटीत शिरते. तिथे तिची पहिली मोठी फांदी डोळ्याकडे जाते आणि बाकीचं रक्त मेंदूच्या पुढच्या व मधल्या भागाला मिळतं. म्हणजे डावी रोहिणी डाव्या डोळ्याला आणि मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागाला रक्त पुरवते. तो डावा अर्धा भाग उजवा हातपाय चालवतो आणि बहुतेक माणसांत बोलणंही सांभाळतो.

फाटा फुटतो त्या जागी ही नस किंचित फुगीर असते. तिथे प्रवाह सरळ राहत नाही, बाहेरच्या भिंतीलगत रक्त मंदावतं, काही क्षण उलटंही फिरतं. वाढलेलं बीपी, मधुमेह, कोलेस्टेरॉल आणि सिगारेट यांनी आधीच दुखावलेल्या भिंतीत नेमका तिथेच मेद साचायला लागतो, मग त्यावर तंतू आणि चुना चढतो. वर्षांमागून वर्षं जाड होत गेलेला हा थर सहसा दोन-तीन सेंटिमीटरच लांब असतो. त्याच्या वर कवटीपर्यंतची नस बहुधा स्वच्छ असते. हृदयाच्या किंवा पायांच्या रोहिण्यांत आजार लांबवर पसरतो, इथे तो आखूड राहतो आणि सर्जनच्या हाताला सहज लागेल अशा जागी असतो. पुढे जे टिकाऊ फायदे दिसले, त्यांचं मूळ शरीररचनेच्या या एका सवलतीत आहे.

नस चिंचोळी झाली की मेंदूला रक्त कमी पडतं आणि लकवा होतो, असं पुष्कळांना वाटतं. क्वचित तसं होतंही. पण मेंदूकडे एकूण चार रोहिण्या जातात आणि मेंदूच्या तळाशी त्या एकमेकींना जोडलेल्या असतात, त्यामुळे एकीचा पुरवठा कमी झाला तर बाकीच्या बराच भार उचलतात. खरा धोका असतो थराच्या पृष्ठभागाचा. तो तडकतो, तिथे रक्ताची गुठळी धरते, आणि तिचा कण सुटून वर जातो. कण लहान असेल तर काही मिनिटांत विरघळतो. तेवढा वेळ हात गळून पडतो, हातातला कप सुटतो, शब्द ओठांवर येत नाहीत, किंवा एका डोळ्यासमोर वरून खाली पडदा उतरतो. मग सगळं पूर्ववत होतं. घरातले म्हणतात, झोप झाली नसेल, ॲसिडिटी वर चढली असेल. डॉक्टर याला टीआयए म्हणतात. या पंधरा मिनिटांची किंमत किती मोठी आहे ते पुढे येईलच.

डोळा एका बाजूचा आणि हातपाय दुसऱ्या बाजूचे, या विसंगतीनेच एका माणसाला विचारात पाडलं. कॅनडातले न्यूरॉलॉजिस्ट सी. मिलर फिशर यांनी लकवा झालेल्या रुग्णांची हकिगत बारकाईने विचारायला सुरुवात केली, तेव्हा झटक्याआधी एका डोळ्याची दृष्टी थोडा वेळ गेली होती असं काहींनी सांगितलं. पण तो डोळा ‘चुकीच्या’ बाजूचा होता, म्हणजे लकवा झालेल्या अंगाच्या विरुद्ध बाजूचा. डोळा आणि मेंदू दोघांनाही एकाच ठिकाणाहून रक्त जातं, ते ठिकाण मानेत आहे, हे फिशर यांनी ओळखलं. त्या काळी शवविच्छेदनात मेंदू तपासत, पण मानेतल्या रोहिण्या सहसा उघडून पाहत नसत. त्यांतूनच मृतदेह टिकवण्याची रसायनं भरायची असल्यामुळे त्यांना हात लावायला संकोच असे. फिशर यांनी त्या उघडल्या आणि त्यांना त्या बंद झालेल्या आढळल्या. १९५१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि कधीतरी रक्तवाहिन्यांचे सर्जन यावर उपाय काढतील असं लिहून ठेवलं. एका रुग्णाच्या बोलण्यातली न जुळणारी गोष्ट गांभीर्याने घेणं, याहून मोठं निदानकौशल्य मला ठाऊक नाही.

उपाय लवकरच निघाला. १९५३ च्या ऑगस्टमध्ये ह्यूस्टनमध्ये मायकेल डीबेकी यांनी ५३ वर्षांच्या एका बसचालकाची डावी कॅरोटिड उघडून आतला थर काढला. पण ही हकिगत त्यांनी सविस्तर छापली ती १९७५ मध्ये. जगाला आधी कळलं ते लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमधलं ऑपरेशन. १९५४ च्या मे महिन्यात ईस्टकॉट, पिकरिंग आणि रॉब यांनी ६६ वर्षांच्या एका बाईंवर ते केलं. त्या बाईंना काही महिन्यांत असे तेहतीस झटके येऊन गेले होते. नस चिमट्यात धरल्यावर मेंदूला रक्त कमी पडेल, म्हणून त्यांचं शरीर बर्फाने २८ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केलं, आजारी तुकडा कापून काढला आणि दोन टोकं जोडली. झटके थांबले. त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये वृत्तांत आला आणि जगभरच्या सर्जनांनी हे काम हाती घेतलं.

आता बर्फ लागत नाही. मानेच्या कडेला स्नायूच्या रेषेत छेद घेतात, रक्त पातळ करणारं हेपॅरिन देतात, फाट्याच्या खालीवर चिमटे लावतात आणि नस उभी उघडतात. भिंतीचा आतला आजारी थर बाहेरच्या निरोगी थरापासून सुटा होतो, तो अखंड काढता येतो. मग कापडाचा किंवा प्राण्याच्या ऊतीपासून केलेला छोटा तुकडा शिवून नस रुंद ठेवून बंद करतात, कारण नुसती शिवली तर ती पुन्हा आवळण्याचं प्रमाण जास्त असतं. चिमटे लावलेले असताना मेंदूला रक्त कमी पडतंय असं वाटलं तर आतून एक बारीक नळी टाकून प्रवाह चालू ठेवतात. काही ठिकाणी फक्त मान बधिर करतात. रुग्ण जागा असतो आणि विरुद्ध हातातलं खेळणं दाबून आवाज करत राहतो. आवाज थांबला की सर्जनना कळतं. पूर्ण भूल आणि स्थानिक भूल यांची तुलना करणाऱ्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या साडेतीन हजारांवर रुग्णांच्या अभ्यासात मात्र निकालात फरक दिसला नाही.

१९७० च्या दशकात अमेरिकेत हे ऑपरेशन फार झपाट्याने पसरलं. १९७१ मध्ये तिथे वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास ऑपरेशनं होत होती, १९८५ मध्ये एक लाख सात हजार झाली. नस चिंचोळी दिसते, ती मोकळी करता येते, मग करायची, असं तर्कशास्त्र होतं. निकाल काय लागतात हे कोणी मोजत नव्हतं असं नाही, पण जे मोजत होते ते बहुधा नामांकित केंद्रातले निपुण सर्जन होते. १९७७ मध्ये इलिनॉयमधल्या स्प्रिंगफिल्ड या साध्या शहरातल्या लागोपाठच्या २२८ ऑपरेशनांचा हिशेब छापून आला, आणि त्यात ऑपरेशनमुळे झटका किंवा मृत्यू आलेल्यांचं प्रमाण २१ टक्के निघालं. पाचातल्या एकाला, जे टाळायचं तेच. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या वयस्क रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा फक्त ३५ टक्के ऑपरेशनं योग्य कारणासाठी झाली असं तज्ज्ञांच्या कसोटीवर ठरलं. जवळपास तेवढीच अयोग्य ठरली.

हेन्री बार्नेट हे कॅनडाच्या ओंटारिओतल्या लंडन शहरातले न्यूरॉलॉजिस्ट. १९८४ मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांसह जाहीरपणे काळजी व्यक्त करणारा लेख लिहिला. पुढच्याच वर्षी त्यांच्या नेतृत्वाखालचा १,३७७ रुग्णांचा अभ्यास आला. तो दुसऱ्या एका लोकप्रिय ऑपरेशनविषयी होता. त्यात कवटीबाहेरची रोहिणी कवटीत नेऊन मेंदूच्या रोहिणीला जोडत. निकाल स्पष्ट होता, काहीही फायदा नाही. अनेक सर्जन संतापले. पण एवढी खात्रीची वाटणारी शस्त्रक्रिया मोजणीत टिकत नाही, तर कॅरोटिडचंही मोजलं पाहिजे, हे आता कोणाला नाकारता येईना. लाखभर लोकांवर दरवर्षी होणाऱ्या ऑपरेशनवर शंका घेऊन तिला उत्तर मिळेपर्यंत न थांबणं, हे बार्नेट यांचं काम मला कोणत्याही नव्या शोधाच्या तोडीचं वाटतं.

त्यातून अमेरिका आणि कॅनडातला ‘नॅसेट’ हा अभ्यास उभा राहिला. युरोपात असाच अभ्यास आधीच चालू होता. रीत साधी आणि कठोर होती. टीआयए किंवा हलका झटका येऊन गेलेला रुग्ण घ्यायचा, त्याची नस किती चिंचोळी आहे ते मोजायचं, आणि ऑपरेशन करायचं की फक्त औषधं द्यायची हे डॉक्टरच्या इच्छेवर न सोडता चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरवायचं. मग वर्षानुवर्षं दोन्ही गटांवर लक्ष ठेवायचं.

१९९१ च्या फेब्रुवारीत नॅसेटचा एक भाग मध्येच थांबवावा लागला. नस ७० टक्क्यांहून जास्त चिंचोळी असलेल्या ६५९ रुग्णांत फरक इतका ठळक दिसला, की औषधांच्या गटाला ऑपरेशनपासून दूर ठेवणं अन्यायाचं ठरलं असतं. दोन वर्षांत त्याच बाजूचा झटका औषधांच्या गटात शंभरांतल्या २६ जणांना आला, ऑपरेशनच्या गटात ९ जणांना. या ९ मध्ये ऑपरेशनच्या पहिल्या महिन्यातले झटके आणि मृत्यूही धरलेले आहेत. त्या महिन्यात साधारण सहा टक्के रुग्णांनी आधीची किंमत मोजली होती. ती वजा करूनही शंभरांतले १७ जण वाचले. वैद्यकात एवढा मोठा फरक क्वचित पाहायला मिळतो.

५० ते ६९ टक्के चिंचोळी असलेल्यांत चित्र फिकं पडलं. १९९८ मध्ये आलेल्या निकालात पाच वर्षांचा धोका औषधांवर २२ टक्के आणि ऑपरेशननंतर जवळपास १६ टक्के होता. म्हणजे पंधरा ऑपरेशनं करावीत तेव्हा एक झटका टळतो. ५० टक्क्यांखाली फायदा सिद्ध झाला नाही. पुढे सगळे अभ्यास एकत्र करून सहा हजारांवर रुग्णांचा हिशेब मांडला, तेव्हा ३० टक्क्यांखाली ऑपरेशनने उलट नुकसानच होतं असं निघालं. इथे एक बारीक पण कामाची गोष्ट सांगायला हवी. हे टक्के मोजण्याच्या पद्धती दोन आहेत, अमेरिकेची आणि युरोपची. एकीने ७० टक्के येणारी नस दुसरीने ८० च्या वर जाते. रिपोर्टवरच्या आकड्यामागे कोणती पद्धत आहे हे विचारल्याशिवाय त्या आकड्याचा अर्थ लागत नाही. आणि नस शंभर टक्के बंद असेल, तर सहसा ऑपरेशन करत नाहीत. तिथून आता कण वर जाण्याची वाटच उरलेली नसते.

फायदा टिकतो का, हा खरा प्रश्न. काढलेला थर पुन्हा साचतो का? उत्तर दिलासा देणारं आहे. नॅसेटच्या रुग्णांवर आठ वर्षांपर्यंत लक्ष ठेवलं आणि फायदा टिकून राहिला. युरोपातल्या रुग्णांवर याहूनही जास्त काळ लक्ष ठेवलं गेलं. पहिला महिना सुखरूप पार पडला की त्यानंतर त्याच बाजूचा झटका येण्याचा धोका वर्षाला साधारण एक टक्का राहतो. नस काही जणांत पुन्हा आवळते, विशेषतः पहिल्या दोन वर्षांत, पण तेव्हा भिंतीत वाढणारा थर गुळगुळीत, तंतुमय असतो आणि त्यातून कण सुटण्याची शक्यता कमी असते. डीबेकींचा तो बसचालक एकोणीस वर्षं जगला. त्याला पुन्हा झटका आला नाही. त्याचा मृत्यू हृदयविकाराने झाला, आणि यात तो अपवाद नव्हता. कॅरोटिडचं ऑपरेशन झालेल्यांच्या मृत्यूचं मोठं कारण पुढच्या वर्षांत हृदय हेच असतं. मानेत जो मेद साचला तोच हृदयाच्या रोहिण्यांत साचत असतो आणि सर्जन तिथे गेलेले नसतात. म्हणून ॲस्पिरिन, कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन, बीपीची गोळी आणि सिगारेट सोडणं हे सगळं ऑपरेशननंतर आयुष्यभर चालू ठेवायचं असतं. ‘नस साफ झाली, आता गोळ्या कशाला’ असं म्हणून ती बंद करणारे रुग्ण स्वतःचा मोठा घात करून घेतात.

पण या अभ्यासांतलं सगळ्यात महत्त्वाचं निरीक्षण ऑपरेशन न झालेल्या गटातून आलं. औषधांवर ठेवलेल्यांचा धोका सुरुवातीला भयंकर असतो आणि मग आपोआप उतरत जातो. दोन-तीन वर्षांनी तो बराच खाली येतो. तडकलेला थर भरून येतो, त्यावर नवं अस्तर धरतं, कण सुटायचे थांबतात. ऑपरेशनची किंमत मात्र कधीही केलं तरी जवळपास तेवढीच. म्हणजे उशीर केला की किंमत पूर्ण मोजायची आणि जो धोका टाळायचा तो तोवर विरून गेलेला, नाहीतर झटका होऊन गेलेला.

ऑक्सफर्डच्या पीटर रॉथवेल यांनी २००४ मध्ये हे आकड्यांत मांडलं. शेवटचा झटका आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ऑपरेशन झालं, तर पाच ऑपरेशनांमागे एक झटका टळतो. बारा आठवडे उलटून गेल्यावर केलं तर १२५ ऑपरेशनांमागे एक. तेच सर्जन, तेच ऑपरेशन, फरक फक्त तारखेचा. ही आकडेवारी वाचल्यावर टीआयएच्या रुग्णाला ‘पुढच्या महिन्यात दाखवायला या’ म्हणणं समर्थनीय राहत नाही. ऑपरेशनच कशाला, नुसती औषधं लगेच सुरू केली तरी किती फरक पडतो, हे रॉथवेल यांच्याच गटाने २००७ मध्ये दाखवलं. टीआयए झालेल्यांना त्याच दिवशी तपासून औषधं दिल्यावर पुढच्या तीन महिन्यांतल्या झटक्यांचं प्रमाण ८० टक्क्यांनी घटलं. पंधरा मिनिटांत बरा झालेला हात म्हणजे येऊन ठेपलेल्या संकटाची सूचना असते आणि तिची मुदत दिवसांत मोजायची असते. आपल्याकडे छातीत दुखलं की लोक धावत दवाखाना गाठतात, तशी घाई या पंधरा मिनिटांसाठी कोणी करत नाही.

रॉथवेल यांच्या हिशेबात आणखी एक गोष्ट निघाली, जिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. पुरुषांत नऊ ऑपरेशनांमागे एक झटका टळतो, स्त्रियांत छत्तीसमागे. स्त्रियांत ऑपरेशनचा धोका थोडा जास्त आणि औषधांवरचा धोका लवकर ओसरणारा. म्हणजे बाईला ऑपरेशन लागणार असेल तर ते आणखी तातडीने व्हायला हवं. घरातल्या बाईच्या तक्रारीकडे आधी कामं उरकून मग पाहायची आपली रीत इथे महागात पडते. वयाचंही तसंच. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ‘आता कशाला एवढ्या वयात’ म्हणून परत पाठवलं जातं, पण लक्षणं होऊन गेली असतील आणि प्रकृती ऑपरेशन सोसण्यासारखी असेल, तर त्यांनाच सर्वांत जास्त फायदा होतो.

आतापर्यंतचं सगळं लक्षणं दिसलेल्यांबद्दल झालं. ज्यांना कधी काही झालेलंच नाही, पण तपासणीत नस चिंचोळी सापडली, त्यांचं काय? त्यांच्यासाठी दोन मोठे अभ्यास झाले. १९९५ मधल्या अमेरिकी अभ्यासात १,६६२ जण होते. पाच वर्षांचा धोका ११ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्यानंतर ॲलिसन हॅलिडे यांच्या नेतृत्वाखाली तीस देशांतल्या ३,१२० जणांचा अभ्यास झाला आणि त्याचा दहा वर्षांचा निकाल २०१० मध्ये आला. ऑपरेशन लगेच केलेल्या गटात झटका किंवा ऑपरेशनकाळातला मृत्यू १३.४ टक्के, लांबणीवर टाकलेल्या गटात १७.९ टक्के. दहा वर्षांत शंभर जणांपैकी चार-पाच जणांचा झटका टळला, तोही पंचाहत्तरीच्या आतल्या लोकांत. आणि ऑपरेशनची तीन टक्क्यांच्या आसपासची किंमत सगळ्यांनी पहिल्याच महिन्यात मोजली. ती भरून निघायलाच एक-दोन वर्षं लागतात. म्हणून पुढची निदान पाच वर्षं जगण्याची चांगली शक्यता असलेल्यालाच हा व्यवहार परवडतो.

हे रुग्ण अभ्यासात घेतले गेले ते मुख्यतः १९९० च्या दशकात. तेव्हा स्टॅटिन फार थोडे लोक घेत. आज औषधं बदलली आहेत आणि त्यांनी ऑपरेशनच्या पायाखालची जमीन बरीच सरकवली आहे. लक्षणं नसलेल्या, औषधं नीट घेणाऱ्या माणसाचा धोका आता वर्षाला एक टक्का किंवा त्याहून थोडा जास्त इतकाच मानला जातो. म्हणून ‘क्रेस्ट-२’ या अभ्यासाने हाच प्रश्न नव्याने विचारला. सगळ्यांचं वरचं बीपी १३० च्या खाली आणि वाईट कोलेस्टेरॉल ७० च्या खाली ठेवायचा प्रयत्न करायचा, आणि त्यावर ऑपरेशन किंवा स्टेंट घालून काही जास्त मिळतं का पाहायचं. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये निकाल आला. चार वर्षांत औषधांवर ५.३ टक्के आणि ऑपरेशननंतर ३.७ टक्के, पण हा फरक योगायोगाने आलेला नाही असं खात्रीने म्हणता येण्याइतका मोठा नव्हता. स्टेंटच्या बाजूला औषधांवर ६ टक्के विरुद्ध स्टेंटनंतर २.८ टक्के असा फरक निघाला आणि तो कसोटीला उतरला. औषधांच्या बाजूने पाहिलं तर चित्र याहून उत्साहाचं आहे, कारण लक्षणं नसलेल्या शंभरांतले ९४-९५ जण नुसत्या गोळ्यांवर चार वर्षं झटक्याशिवाय राहिले.

स्टेंटचा उल्लेख आला म्हणून थोडक्यात. मांडीतल्या रोहिणीतून तार नेऊन मानेत जाळी बसवायची, मान उघडायची नाही. २०१० आणि २०१६ मध्ये निकाल आलेल्या पहिल्या ‘क्रेस्ट’ अभ्यासात २,५०२ जण होते. सुरुवातीच्या काळात स्टेंटने झटके जास्त आले, ऑपरेशनने हार्ट ॲटॅक जास्त आले. तो काळ पार पडला की पुढची दहा वर्षं दोन्ही जवळपास सारखीच टिकली. सत्तरीनंतर ऑपरेशन उजवं ठरतं, कारण म्हाताऱ्या, वाकड्यातिकड्या रोहिण्यांतून तार नेताना कण सुटतात. ऑपरेशनचा स्वतःचा एक त्रास आहे. मानेतून जाणाऱ्या जिभेच्या किंवा आवाजाच्या नर्व्हला धक्का लागून जीभ वाकडी होते, आवाज बसतो. वीसात एखाद्याला हे होतं आणि बहुतेकांचं काही महिन्यांत भरून येतं.

आपल्याकडच्या डॉक्टरांच्या अनुभवाला आणखी एक कंगोरा आहे. भारतात, आणि आशियात एकूणच, मेद मानेपेक्षा कवटीच्या आतल्या रोहिण्यांत साचण्याचं प्रमाण पाश्चात्त्यांहून जास्त दिसतं. तिथे सर्जनचा हात पोचत नाही, तिथे औषधंच. म्हणून मानेतली नस स्वच्छ आली म्हणजे झटक्याची भीती संपली असं इथे धरता येत नाही.

आणि तरीही मानेची सोनोग्राफी, म्हणजे कॅरोटिड डॉपलर, पन्नाशीच्या हेल्थ चेकअप पॅकेजमध्ये सर्रास असते. कसलीही लक्षणं नसलेल्या माणसाची अशी तपासणी करू नये, असा अमेरिकेतल्या प्रतिबंधक आरोग्यसेवांच्या सरकारी तज्ज्ञगटाचा सल्ला आहे, २०१४ मध्येही होता आणि २०२१ मध्येही. कारण लक्षणं नसलेल्या हजार जणांत खरोखर चिंचोळी नस मोजक्यांचीच निघते, काही चुकीच्या रिपोर्टमुळे घाबरतात, आणि त्यांतल्या काहींची मान विनाकारण उघडली जाते. पण तपासणी झालीच, ‘७० टक्के ब्लॉक’ असं लिहून आलंच, तर आधी स्वतःला विचारायचं की मला कधी हात गळल्याचं, वाचा अडल्याचं, एका डोळ्यासमोर अंधार आल्याचं आठवतं का, आणि आठवत असेल तर किती दिवसांपूर्वी. आठवत असेल आणि ते अलीकडचं असेल, तर त्याच दिवशी न्यूरॉलॉजिस्ट गाठायचा. काहीच आठवत नसेल, तर घाई कसलीच नाही. गोळ्या सुरू करायच्या, बीपी मोजायचं आणि शांतपणे दुसरं मत घ्यायचं.

ऑपरेशन ठरलंच, तर सर्जनना एक प्रश्न विचारायचा हक्क रुग्णाला आहे: तुमच्या स्वतःच्या हातून झालेल्या ऑपरेशनांत पहिल्या महिन्यात झटका किंवा मृत्यू किती टक्के? लक्षणं होऊन गेलेल्यांत हा आकडा सहाच्या आत आणि लक्षणं नसलेल्यांत तीनच्या आत असावा, असं मार्गदर्शक तत्त्वं सांगत आली आहेत, आणि औषधं सुधारत गेली तशी ही मर्यादा आणखी खाली आणावी असं अनेक तज्ज्ञांचं म्हणणं आहे. लक्षणं नसलेल्या रुग्णाच्या बाबतीत हा आकडा पाच निघाला, तर दहा वर्षांत मिळणाऱ्या चार-पाच टक्क्यांच्या फायद्याचा बराच भाग पहिल्याच महिन्यात संपतो.